गाठीचा भाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापल्या गेलेल्या ‘इम्पीरियल गॅझेटिअर’मध्ये पनवेलसाठी जेमतेम एक परिच्छेद आहे. बंदर, व्यापार, नगरपालिका असं नेहमीचं सगळं त्यात येतं. मग मध्येच एक वाक्य असं येतं की गावाचा मुख्य धंदा गाडीची चाकं बनवण्याचा, आणि घाटावरून येणारा प्रत्येक गाडीवान परतताना निदान एक जोडी चाकं घेऊन जातो. पनवेलची ओळख आता महामार्ग, सिडको, विमानतळ आणि जमिनीचे भाव अशी आहे. त्या पनवेलमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माणसं लाकडाच्या ओंडक्यांभोवती फिरत, बोटानं रेषा तपासत, ठोकून आवाज ऐकत आणि मग भाव ठरवत.

याच कामाचं आजचं एक रूप अगदी वेगळ्या टोकाला दिसतं. हातानं पेनं बनवणारे थोडे कारागीर पुण्या-मुंबईत आहेत, देशाच्या इतर भागांतही आहेत. त्यांच्यातले काही जण लाकडाची पेनं करतात, आणि त्यासाठी मोरोक्कोच्या थुयाची गाठ, आग्नेय आशियातल्या अंबोयनाची गाठ, कॅलिफोर्नियातली, ऑस्ट्रेलियातली अशा गाठी मागवतात. लाकूड करंगळीएवढं आणि भाव मात्र असा की सुतारानं कपाळाला हात लावावा. पनवेलच्या चाकवाल्यानं ज्या गाठी सरपणात टाकल्या असत्या, त्यांनाच आज सगळ्यात जास्त पैसे पडतात. हा उलटफेर कसा झाला हे पाहायचं, तर आधी चाकापासून सुरुवात करावी लागते.

लाकूड, लोखंड आणि मीठ

पनवेललाच हा धंदा का वाढला असावा, हे नकाशा समोर ठेवला की पुष्कळसं उलगडतं. गावाच्या पाठीशी माथेरान आणि प्रबळगडाचे डोंगर, दक्षिणेला कर्नाळा. म्हणजे लाकूड जवळ. खाडीतून मुंबईशी थेट संबंध, त्यामुळे विलायती लोखंड मचव्यातून येणार. चाकाला धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, लागते. ती नसेल तर लाकडी चाक घाटातल्या दगडांवर फार दिवस टिकत नाही. आणि तिसरी गोष्ट रस्ता. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीनं घाटमाथ्यापासून पनवेलपर्यंतची वाट तोफा जाण्याजोगी करून घेतली होती. पण गाड्यांचा खरा रस्ता झाला तो १८३०मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. त्याआधी बोरघाटातून माल चढायचा तो मुख्यतः वंजाऱ्यांच्या आणि लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. बैलाच्या पाठीला चाक लागत नाही. रस्ता झाला आणि चाकाला गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाईक आलं, पण घाटावरची गाडी तेव्हा कशी होती? जाड, ओबडधोबड, भरीव चाकांची. तिला ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या लागत. १८३६च्या सुमाराला सोलापूरकडे टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्यानं सुधारलेल्या हलक्या गाड्यांचा कारखाना काढला, हे त्या काळच्या महसुली कागदांत नोंदलेलं आहे. सरकारचा हेतू सरळ होता. कापूस आणि धान्य बंदरावर स्वस्तात पोचलं, तर शेतकरी सारा भरू शकेल. भरीव चाकाच्या जागी आऱ्यांचं चाक येणं ही दख्खनच्या शेतीच्या इतिहासातली मोठी घटना आहे. आपण पाटबंधारे आणि रेल्वेवर पानंच्या पानं लिहितो. चाकावर कुणी लिहीत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५मध्ये खेड्यांवर पुस्तक लिहिलं, त्याला नाव मात्र ‘गावगाडा’ दिलं.

गावातला सुतार बलुतेदार. शेतकरी लाकूड आणून देणार, सुतार नांगर-कुळव नीट करून देणार आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा उचलणार. या व्यवस्थेत लाकडाची निवड शेतकऱ्याच्या बांधावर जे झाड उभं असेल त्यावर अवलंबून. पनवेलचं चाक या व्यवस्थेबाहेरचं होतं. ते रोख पैशांनी घ्यायचं, अनोळखी माणसाकडून घ्यायचं आणि मिठाच्या गोण्यांवर बांधून घाट चढून न्यायचं. वाटेत खंडाळ्याला आरा निखळला तर परत येऊन भांडायची सोय नाही. म्हणून विकत घेणाऱ्यालाही लाकूड कळावं लागे. आपण आज दुकानात वस्तू घेताना तिच्या पोटात काय आहे याची फिकीर करत नाही; तो गाडीवान करत असणार, कारण त्याचे बैल आणि त्याचं वर्ष त्या चाकावर होतं.

रेल्वे आल्यावर हे सगळं संपायला हवं होतं. १८५६मध्ये गाडी खोपोलीपर्यंत गेली, १८५८मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली आणि १८६३मध्ये बोरघाटाचा चढ जोडला गेला. लोहमार्ग कल्याणवरून गेला, पनवेल बाजूला पडलं. तरी ‘इम्पीरियल गॅझेटिअर’चं ते वाक्य त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी छापलेलं आहे. रेल्वेनं लांब पल्ल्याची गाडी मारली, पण प्रत्येक स्टेशनाभोवती वीस-पंचवीस मैलांच्या घेरात नव्या गाड्यांची गरज निर्माण केली. स्टेशनपर्यंत माल आणायचा तो कशातून? बैलगाडीतूनच. मिठाची वाहतूकही चालूच होती. वाफेच्या इंजिनानं बैलगाडीला हुसकावलं ही समजूत सोपी आहे, म्हणून ती टिकून आहे.

चाकाच्या तीन मागण्या

आता लाकडाकडे. चाकाचे तीन लाकडी भाग: मधला तुंबा, त्यात रोवलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले बाहेरच्या गोलाचे तुकडे, ज्यांना पाटे किंवा पुठ्ठे म्हणतात. तिन्हींची मागणी वेगळी, इतकी वेगळी की एका झाडाचा एकच ओंडका तिन्हींना सारखाच चांगला असणं कठीण.

आऱ्याला सरळ रेषेचं लाकूड हवं. भार एकेका आऱ्यावरून आळीपाळीनं जातो. शिवाय बैल चालताना गाडी डाव्या-उजव्या बाजूला हलते आणि प्रत्येक झोक्याला आरा कडेनं वाकवला जातो. लाकडाची रेषा मध्येच बाहेर फुटत असेल तर त्या जागी आरा मोडतो. म्हणून आऱ्याचं लाकूड करवतीनं कापण्यापेक्षा फाडून काढलेलं चांगलं. फाडताना लाकूड आपली रेषा स्वतःच दाखवतं. करवत ती लपवते. आऱ्यात गाठ असणं म्हणजे दोषच. फांदी जिथून निघाली तिथं धागे वळसा घालून जातात आणि जोर नेमका त्या वळणावर येतो.

पाट्यांना वाकडं लाकूड लागतं. सरळ फळीतून गोलाई कापली तर टोकांशी धागे आडवे तुटतात. त्यापेक्षा निसर्गतः वाकलेली फांदी मिळाली, तर धागा गोलाईबरोबर वळतो. कोकणातले गलबतं बांधणारे सुतारही अशीच वाकडी लाकडं राखून ठेवत, बरगड्या आणि कोपऱ्यांसाठी. आज वाकडं झाड दिसलं की आपण म्हणतो ‘काही कामाचं नाही’. बाभळीच्या वेड्यावाकड्या फांद्यांना तेव्हा ठरलेलं गिऱ्हाईक होतं.

तुंब्याची मागणी सगळ्यात चमत्कारिक. त्याला चोहोबाजूंनी भोकं पाडायची, त्यात आरे ठोकून बसवायचे, मधून आस जाणार आणि त्यासाठी लोखंडी बूशही ठोकायचं. सरळ धाग्याचं लाकूड घेतलं तर पाचव्या-सहाव्या आऱ्याला तुंबा उभा चिरतो. त्याला गुंतलेलं, एकमेकांत विणलेलं लाकूड हवं. इंग्लंडातले चाकवाले यासाठी एल्म वापरत, आरे ओकचे आणि बाहेरचा गोल ॲशचा. आपल्याकडे बाभूळ आणि तिवस ही चाकाची जुनी लाकडं. तिवस नाव शहरी वाचकाला अपरिचित असेल. पळसासारखं तीन पानांचं, उन्हाळ्यात फिकट गुलाबी फुलणारं मध्यम उंचीचं झाड. लाकूड चिवट, झटका सोसणारं. गाडीची दांडी, चाकं, शेतीची अवजारं यांसाठी तिवसाला मान. धामण लवचीक, म्हणून कावडीला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला. खैर इतका कठीण की मुसळाला आणि घाण्याला. ऐन घराला आणि गाडीला. ही यादी कुठल्याही जुन्या वनस्पतिग्रंथात सापडेल, पण ती ग्रंथांनी शोधलेली नाही. ठाकूर, कातकरी, सुतार यांना विचारून साहेबांनी ती उतरवून घेतली.

लाकूड निवडलं तरी लगेच वापरता येत नसे. बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची रीत जुनी. त्यानं लाकडातलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगा लागत नाही. मग सावलीत सुकवणं. तुंबा पूर्ण सुकलेला असावाच लागतो. तो नंतर आटला तर सगळे आरे खुळखुळतात. शेवटी धाव तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं, की ती आकसते आणि सगळे सांधे एकत्र आवळते. म्हणजे चाकाच्या किमतीत लाकडापेक्षा वाट पाहिल्याची किंमत जास्त. वर्षभर पैसे अडकवून ओंडके पाण्यात आणि सावलीत ठेवू शकणारा कारखानदार आणि ओलं लाकूड ठोकून देणारा कारागीर यांच्या चाकांत नवेपणी काहीच फरक दिसत नाही. फरक दिसतो पुढच्या मे महिन्यात.

साग आणि ‘आडजात’

या ज्ञानाला सरकारी भावात जागा नव्हती, आणि इथं गोष्ट कडवट होते.

झाडांवर राज्यकर्त्यांची नजर काही इंग्रजांपासून सुरू झालेली नाही. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाबद्दल बारीक सूचना आहेत. साग, शिसव यांसारखी झाडं हुजूर परवानगीनं तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर मालकाला राजी करून, त्याला द्रव्य देऊन घ्यावं. आज्ञापत्राचा हा भाग शाळेत सांगितला जातो तो ‘पर्यावरण’ म्हणून. मला तो जास्त करून किमतीबद्दलचा मजकूर वाटतो. झाडाची किंमत लाकडावर नाही, ते वाढवायला गेलेल्या काळावर ठरते आणि ती कुणाला द्यायची हेही ठरलेलं असतं.

कंपनी सरकारला साग हवा होता जहाजांसाठी, मग रेल्वेच्या स्लीपरांसाठी. १८४७मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. तो त्याआधी जुन्नरजवळ हिवऱ्याच्या बागेत औषधी वनस्पती वाढवत होता. पुढं १८६४मध्ये वनखातं, १८७८मध्ये वन कायदा. साग, शिसव आणि चंदन ही सरकारनं राखलेली झाडं ठरली, अगदी खातेदाराच्या जमिनीत उभी असली तरी. बाकी सगळं लाकूड एका शब्दात गोळा झालं, जो वनखात्याच्या डेपोत, लिलावाच्या जाहिरातीत आजही वाचायला मिळतो: ‘आडजात’. साग व आडजात. तिवस आडजात, खैर आडजात, ऐन आडजात, धामण आडजात. चाकवाल्याच्या लेखी यांतल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. रजिस्टरमध्ये सगळ्यांना मिळून एक रकाना.

मोजमापही त्याच धर्तीचं. ओंडक्याचा घेर दोरीनं घ्यायचा, त्याची चौथाई करायची, तिचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. अठराव्या शतकात एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजानं यासाठी कोष्टकं छापली, ती आपल्या डेपोंमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालली. या हिशेबात खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच येतात; बाकीचं कापणीत वाया जाणार असं गृहीत धरलेलं. व्यवहाराला हे ठीक आहे. पण दोरी फक्त घेर सांगते. धागा सरळ की गुंतलेला, फांदी गोलाईनं वळलेली की कोनात, हे दोरीला कळत नाही. वाकडा ओंडका तर मोजणीत कायम तोट्यात जातो.

ठाणे जिल्ह्यात हा कायदा फार जाचक झाला. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. १८८३मध्ये ते कुलाब्याला जोडलं गेलं. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची ती राबानं, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या आणि पाचोळा जाळून. त्यावर बंधनं आली. रयतेची ओरड इतकी वाढली की १८८५मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांसाठी सरकारला एक आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. कातकऱ्यांचं नावच मुळी काताशी जोडलेलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणं हा त्यांचा धंदा. खैर तोडणं गुन्हा ठरल्यावर तो धंदा गेला आणि ती माणसं कोळसा भाजायला, नंतर वीटभट्ट्यांवर, मजुरीला गेली. पनवेलच्या चाकाच्या जोडीत या माणसांनी डोंगरातून उतरवलेलं लाकूड होतं. चाकाच्या किमतीत त्यांचा वाटा किती, हे कुठल्या गॅझेटिअरमध्ये आलेलं नाही, आणि आलं असतं तरी तो आकडा फार मोठा निघाला असता असं वाटत नाही.

रोमन मेज, कॅलिफोर्नियाचा रस्ता

चाकवाल्यानं फेकलेल्या गाठीकडे आता वळू. पेनवाले जिच्यामागे असतात ती गाठ आऱ्यातल्या गाठीपेक्षा वेगळी. साधी गाठ म्हणजे खोडात दबलेलं फांदीचं मूळ. ही मात्र खोडावर किंवा मुळाशी आलेली गाठोड्यासारखी वाढ. तिच्यात असंख्य निद्रिस्त डोळे असतात, जे फुटू पाहतात आणि फुटत नाहीत. इजा, कीड, बुरशी अशा कारणांनी ती वाढते. कधी कारण दिसतही नाही. आत धागा कुठल्याच एका दिशेनं जात नाही. कापलं की ठिपके, भोवरे, मोराच्या पिसासारखे डोळे. चिंच, आंबा, शिसव, साग यांनाही अशा गाठी येतात. कुठल्याही जुन्या चिंचेच्या बुंध्याकडे पाहा.

ही आवड नवी नाही. रोममध्ये पहिल्या शतकात श्रीमंतांना वेड होतं ते आफ्रिकेतल्या ॲटलस पर्वतातल्या एका झाडाच्या गाठीपासून केलेल्या मेजांचं. आज ते झाड थुया म्हणून ओळखलं जातं. थोरल्या प्लिनीनं आपल्या ‘निसर्गेतिहासा’त त्यांच्या किमती लिहून ठेवल्यात. सिसेरोनं एका मेजासाठी पाच लाख सेस्टर्सेस मोजले. जुबा राजाचं एक मेज लिलावात बारा लाखांना गेलं. प्लिनी प्रतवारीही सांगतो: लांबट रेषा असलेली ती वाघासारखी, वळणदार ठिपक्यांची ती बिबट्यासारखी, मोराच्या डोळ्यांची सगळ्यात उंची. पुरुष मोत्यांवरून बायकांना टोचून बोलत, तेव्हा बायका या मेजांकडे बोट दाखवत, असंही तो म्हणतो. आज पेनाच्या लाकडाच्या विक्रेत्यांचे शब्द वाचले तर प्लिनीनं एक-दोन जाहिराती लिहून दिल्यासारखं वाटतं. दोन हजार वर्षांत थुयाच्या गाठीची जाहिरात बदललेली नाही. झाडं तेवढी कमी झाली. मोरोक्कोत एस्सौइरा इथल्या कारागिरांसाठी ती गाठ बुंध्याखालून, मुळांतून खणून काढतात, आणि तशी काढली की झाड पुन्हा फुटायची शक्यताही जाते.

कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या राष्ट्रीय उद्यानात गाठींची चोरी इतकी वाढली की २०१४मध्ये तिथला एक निसर्गरम्य रस्ता रात्री बंद ठेवायची वेळ आली. चोर करवती घेऊन यायचे आणि हजार वर्षांच्या झाडाच्या बुंध्यातून गाठ कापून न्यायचे. झाड उभंच, पण जखम उघडी.

पेनाचा हिशेब

एका पेनाला किती लाकूड लागतं? रूढ तुकडा पाऊण इंच बाय पाऊण इंच बाय पाच इंच. म्हणजे तीन घन इंचांपेक्षाही कमी. एका घनफुटात १७२८ घन इंच. नुसत्या भागाकारानं सहाशे चौदा तुकडे निघतात. करवतीचा फट, कोपरे, चिरा, साल आत शिरलेली जागा हे वजा करून निम्मे धरा, तीनशे. प्रत्येक तुकडा समजा तीनशे रुपयांना विकला, तर घनफुटाचे नव्वद हजार झाले. हा भाव कुठल्याही डेपोतल्या सागवानाला स्वप्नातही मिळायचा नाही. पण पेन घेणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण तो घनफूट विकत घेत नाही. डोळ्यांना सुखावणारे पाच इंच घेतो. मोजायचं एकक लहान करा, वाटेल तो भाव मिळेल. हे केशराच्या व्यापाऱ्याला आणि सोनाराला पूर्वीपासून ठाऊक आहे.

गाठीला हॉपसची दोरी लागू पडत नाही; तिला घेर नसतो, आकार नसतो. म्हणून ती पुष्कळदा वजनावर विकली जाते, आणि इथं सावध राहावं लागतं. ओल्या लाकडात कोरड्या वजनाच्या साठ टक्के पाणी असेल, तर दहा किलोच्या गाठीत कोरडं लाकूड सव्वासहा किलो. बारा टक्के ओलीपर्यंत सुकली की काटा सात किलो दाखवणार. तीन किलो पाण्याचे पैसे आपण भरले. शिवाय सुकताना ती कुठं चिरेल हे सांगता येत नाही, कारण धागे सगळ्या दिशांनी ओढतात. म्हणून कापलेल्या बाजूंवर मेण लावतात. मऊ, भुसभुशीत गाठ निर्वात टाकीत राळ भरून कडक करून घेतात. ती कातताना फुटत नाही, पण मग तिला लाकूड म्हणावं की प्लॅस्टिक यावर पेनवाल्यांत वाद आहेत. मला विचाराल तर हातात धरल्यावर जी उबदार लागते ती गाठ लाकडाची. राळेनं ती ऊब जाते.

प्रतवारी एक ‘ए’, दोन ‘ए’, तीन ‘ए’ अशी लावतात. तिला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक विक्रेता आपल्या मनानं ती लावतो. छायाचित्र काढण्याआधी लाकडावर पाणी किंवा तेल फिरवलं की रंग खुलतो. कोरडा तुकडा हातात पडला की विरस होतो. घेणारा शहाणा असेल तर चार गोष्टी बघतो: डोळे दाट आहेत की विरळ आणि मध्ये साधं लाकूड किती, चिरा पृष्ठावरच्या की खोल, ओल किती, आणि तुकडा कुठल्या झाडाचा, कुठून आला याचे कागद आहेत का. शेवटची गोष्ट आता सगळ्यात महाग पडू शकते. शिसवाच्या सबंध कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७पासून नियमांखाली आला आहे.

पेन घडतं कातावर. हे काम सुताराचं नाही, कातारीचं. सावंतवाडीची लाकडी खेळणी, पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खूर करणाऱ्या कातारींची परंपरा आपल्याकडे होती, पण तिनं लेखणीला हात लावल्याचं फारसं दिसत नाही. मराठी लिहिलं गेलं बोरूनं. बोरू फुकट, छाटला, चिरला, लिहिलं, झिजला की टाकला. पेशव्यांच्या दफ्तरातली सारी मोडी अशा लेखण्यांनी उतरली जिचा भाव विचारायचं कुणाच्या मनातही आलं नसेल. पैसे लागत ते शाईला आणि कागदाला.

तिवसाचं पुढं काय झालं

पनवेलच्या चाकाला रेल्वेनं मारलं नाही. त्याला रबरी टायरानं मारलं. साखर कारखान्यांचा ऊस वाहायला डनलॉपची गाडी आली, बॉल-बेअरिंगचा आस आला, मग ट्रॅक्टरची ट्रॉली. पनवेललाही १९६०च्या दशकात रेल्वे पोचली, पण तोवर कुठला गाडीवान चाकाच्या जोडीसाठी घाट उतरत असेल? जुनी चाकं आता शेतघरांच्या फाटकांना टेकवलेली दिसतात, नाहीतर वर काच टाकून त्यांचं टेबल केलेलं असतं.

तिवसाला मात्र कायद्यानं एक उशिराचा मान दिला. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत, ज्या झाडांना खासगी जमिनीतही परवानगीवाचून हात लावता येत नाही, त्यांत साग, चंदन, खैर, ऐन, बिजा यांच्या जोडीला तिवसही आहे. बाभूळ त्या यादीत नाही. बिजा, ज्याला कोकणात बिवळा म्हणतात, तो अंबोयनाचा जवळचा नातलग, एकाच कुळातला. मोलुक्काच्या अंबोन बेटाच्या नावानं विकली जाणारी गाठ आपण परदेशातून मागवतो आणि बिवळ्याचे पेले करतो, मधुमेहावर औषध म्हणून. बिवळ्याला गाठ आलीच तर ती ‘आडजात’च्या रकान्यात, हॉपसच्या दोरीनं मोजून जाणार.

जुन्या लाकडातून पेनाचे तुकडे काढण्याची आता टूम आहे: जुन्या घरांच्या तुळया, जहाजांच्या फळ्या, बंद पडलेल्या गिरण्यांचे वासे. बैलगाडीच्या चाकातून काढायचं म्हटलं तर आरे सरळ धाग्याचे, मजबूत, पण दिसायला साधे. पाटे किड्यानं आणि चिखलानं खाल्लेले. उरतो तुंबा. आऱ्यांच्या भोकांनी त्याची चाळण झालेली असते, म्हणून एका तुंब्यातून पाच इंचांचे मोजकेच तुकडे निघावेत. पण त्यात चाकवाल्यानं मुद्दाम निवडलेलं गुंतलेलं लाकूड असतं. आणि तुंबा बाभळीचा असेल तर आतल्या लोखंडी बुशाभोवती लाकूड निळसर काळं पडलेलं सापडतं. बाभळीत टॅनिन भरपूर. पावसाळ्याची ओल आणि लोखंड त्याला मिळालं की काळा रंग तयार होतो. हिरड्यात हिराकस घालून जी शाई करत, तिच्यातही हेच घडतं. एकीकडे टॅनिन, दुसरीकडे लोखंड. बाभळीच्या शेंगाही शाईसाठी वापरल्या जात. मिठाच्या गोण्या घाटावर नेताना, वर्षानुवर्षं, त्या तुंब्याच्या पोटात शाई तयार होत होती.